अनोळखी मोठ्या शहरात चांगले स्वतंत्र पब आणि वेगळी बिअर कशी शोधावी?

तीन_संध्याकाळी

अनोळखी मोठं शहर आहे आणि तीन संध्याकाळी मोकळ्या आहेत असं धरा. साखळीतले नसलेले, बिअर स्वतः निवडून आणणारे पब शोधायची खात्रीची पद्धत कोणती? ‘शहरातले टॉप १०’ छापाच्या याद्यांत सजावट, संगीत आणि गच्चीवरचा देखावा भरपूर असतो. टॅपवर (बिअरच्या नळावर) काय लागलं आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, यावर एक ओळही नसते. टॅप जास्त म्हणजे पब चांगला, हे कितपत खरं? आणि लहान ब्रुअरीच्या (बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या) नावामागे मोठी कंपनी असेल तर ते कसं कळावं? नेमकी माहिती हवी आहे.

ओली_पाटी

पबापासून सुरुवात करू नका, ब्रुअरीपासून करा. शहरातल्या आणि आसपासच्या पाच-सहा लहान ब्रुअऱ्यांची नावं काढा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर ब्रुअरी आणि स्वतः बिअर बनवणारा पब यांना वेगवेगळे टॅग आहेत. ओव्हरपास टर्बो या त्या नकाशात शोध घेणाऱ्या संकेतस्थळावर तो टॅग टाकला की अख्ख्या शहरातले ठिपके एकदम नकाशावर येतात. मग त्या ब्रुअऱ्यांच्या सोशल मीडियावरच्या गेल्या महिन्याभरातल्या पोस्ट वाचा. नवी बिअर बाहेर पडली की ती कुठे कुठे लागली हे लहान ब्रुअरी पबांना टॅग करून सांगते. तीन निरनिराळ्या ब्रुअऱ्यांच्या पोस्टमध्ये जो पब दिसला तो यादीत सगळ्यात वर. एकाच ब्रुअरीच्या पोस्टमध्ये सतत दिसणारा पब बहुधा तिचाच असतो किंवा तिच्याशी करारात असतो. तिथे जायला हरकत नाही, पण विविधतेची अपेक्षा ठेवू नका.

दुसरी पायरी म्हणजे फोटो. नकाशाच्या अ‍ॅपवर पबाचे ग्राहकांनी टाकलेले फोटो तारखेनुसार लावा आणि टॅपची पाटी दिसणारे तीन फोटो निवडा: एक या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा, एक तीन महिन्यांपूर्वीचा. तिन्ही पाट्या सारख्याच असतील तर तिथे काही बदलत नाही. तिन्ही पूर्ण वेगळ्या असतील तर माल फिरतो आहे. दोन-तीन बिअर कायम आणि बाकीच्या बदलत्या, ही मला सगळ्यात आश्वासक खूण वाटते, कारण कायमच्या बिअर कुणीतरी विचार करून ठेवलेल्या असतात.

पाटीवर ब्रुअरीचं नाव, प्रकार, अल्कोहोलची टक्केवारी आणि ग्लासचं माप असायला हवं. नुसतं ‘हाऊस लागर’ (लागर म्हणजे थंडीत आंबवलेली बिअर) किंवा ‘क्राफ्ट आयपीए’ (आयपीए म्हणजे हॉप्स या कडवट, सुगंधी फुलांचा भर असलेली बिअर) लिहिलं असेल तर ती कुणी बनवली हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

अनटॅप्ड या प्यालेल्या बिअर नोंदवून गुण देण्याच्या अ‍ॅपवर पबाचं पान असतं. तिथले गुण बाजूला ठेवा आणि गेल्या सात दिवसांत कोणकोणत्या बिअर नोंदल्या गेल्या तेवढंच पाहा. त्या अ‍ॅपवर जड इम्पीरियल स्टाउट (गडद, जास्त अल्कोहोलची बिअर) आणि गढूळ आयपीएला भरभरून गुण मिळतात, तर नितळ, निर्दोष लागरला कमी. उत्तम लागर ठेवणारा पब त्यामुळे गुणांच्या यादीत खाली जातो.

परीक्षणांमध्ये सरासरी ताऱ्यांकडे बघू नका, तक्रारी वाचा. ‘टीव्ही नाही’, ‘कॉकटेल मिळत नाही’, ‘नेहमीचा ब्रँड मागितला तर नाही म्हणाले’ या तक्रारी तुमच्यासाठी शिफारशी आहेत. ‘ग्लासला वास येत होता’, ‘बिअर आंबट लागली, तरी बदलून दिली नाही’ अशा तक्रारी मात्र गंभीरपणे घ्या, विशेषतः दोघा-तिघांनी केल्या असतील तर.

बाटल्यांचं स्वतंत्र दुकान आणि घरी बिअर बनवणाऱ्यांना माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स विकणारं दुकान, ही शहरातली सर्वात खरी माहिती केंद्रं. तिथे ‘चांगला पब कुठला?’ असं विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं. ‘इथली ब्रुअर मंडळी सुट्टीच्या दिवशी कुठे बसतात?’ असं विचारा.

ब्रुअऱ्यांची टॅपरूम, म्हणजे त्यांच्याच आवारातली बिअर पिण्याची जागा, सहसा कमी भाड्याच्या औद्योगिक भागात असतात आणि बरीचशी गुरुवार ते रविवार एवढीच उघडी असतात. निघण्यापूर्वी वेळ त्यांच्या स्वतःच्या पानावर तपासा, नकाशावर नाही.

तळघर_१२_अंश

टॅपच्या संख्येबद्दल. हा सरळ हिशेब आहे.

कास्क बिअर पिंपातच दुसऱ्यांदा आंबते आणि बाहेरून वायूचा दाब न देता हातपंपाने ओढली जाते. जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत जाते, म्हणून पिंप उघडल्यावर ते साधारण तीन दिवसांत संपायला हवं. ब्रिटनमधलं नेहमीचं पिंप, फर्किन, ९ गॅलनचं म्हणजे ४०.९ लिटरचं असतं. त्यात ७२ पाइंट (एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर), तळाचा गाळ सोडला तर थोडे कमी. म्हणजे एका पंपावर रोज २४ पाइंट खपायला हवेत. आठ पंप असतील तर रोज १९२. बुधवारी संध्याकाळी सात वाजता तिथे दहाच माणसं बसली असतील तर त्या आठांतल्या निम्म्या बिअर उतरणीला लागलेल्या असणार. तीन पंप आणि भरलेला पब केव्हाही चांगला.

केगचं, म्हणजे वायूच्या दाबाने बिअर बाहेर ढकलणाऱ्या बंद पिंपाचं, गणित थोडं सैल आहे, कारण आत कार्बन डायऑक्साइड जातो, हवा नाही. उघडलेला केग थंड राहिला तर काही आठवडे पिण्याजोगा राहतो, पण हॉप्सचा सुगंध त्याआधीच उतरायला लागतो. आयपीएचा केग आठ-दहा दिवसांत संपावा. ३० लिटरचे २० केग म्हणजे ६०० लिटर. दहा दिवसांत संपवायचे तर रोज ६० लिटर, म्हणजे ३३० मिलिलिटरचे सुमारे १८० ग्लास. एवढी गर्दी दिसत नसेल तर आयपीए सोडा आणि स्टाउट किंवा बार्लीवाइन घ्या. जास्त अल्कोहोलच्या, माल्टवर उभ्या असलेल्या बिअर उशिरापर्यंत तग धरतात.

आत गेल्यावर काय पाहायचं? बसण्याआधी टॅपच्या तोंडांकडे आणि खालच्या जाळीकडे पाहा. चिलटं घोंघावत असतील किंवा जाळीपाशी व्हिनेगरसारखा वास येत असेल तर नळ्यांचीही तीच गत असते. ओतणारा टॅपचं तोंड बिअरमध्ये बुडवत असेल तर तेही वाईट. ग्लास बर्फाने पांढरा झालेला नको. अतिथंड ग्लासमध्ये सुगंध दबतो आणि फेस बिघडतो. भरलेल्या ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर काचेवर तेलकटपणा किंवा साबण आहे. स्वच्छ ग्लासमध्ये घोटागणिक फेसाची कडी मागे राहते.

तापमान जिभेला कळतं. लागर ४ ते ७ अंश, कास्क ११ ते १३ अंश, जड स्टाउट १० अंशांच्या पुढे. सगळंच २ अंशांवर देणाऱ्या ठिकाणी बिअरमधला फरक तुम्हाला कळणारच नाही.

रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर हे मोठ्या दोषांचं कारण. ९.५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे ७० मिलिलिटर बिअर मावते. तळघरापासून टॅपपर्यंत दहा मीटर अंतर असेल तर ७०० मिलिलिटर झाली. कास्कच्या बाबतीत हे विशेष जाणवतं. दिवसाची पहिली ओढ काळजी घेणारा पब फेकून देतो. नाहीतर दार उघडताच जाणाऱ्या ग्राहकाच्या वाट्याला तीच येते. म्हणून उघडल्यावर तासाभराने जा, किंवा नुकताच ज्या टॅपवरून ग्लास भरला गेला तीच बिअर मागा.

माल्टाची_पिशवी

मालकीचं दोन पातळ्यांवर तपासावं लागतं: ब्रुअरी कुणाची आणि पब कुणाचा.

ब्रुअरी विकली गेली तरी लेबल, चित्र आणि ‘स्थापना अमुक साली’ हे सगळं तसंच राहतं. शिकागोची गूस आयलंड २०११ मध्ये एबी इनबेव्ह या बड्या बिअर कंपनीने घेतली, लंडनची कॅम्डन टाउन २०१५ मध्ये त्यांनीच. अमेरिकेतल्या लागुनितासचा अर्धा हिस्सा २०१५ मध्ये हायनेकेनकडे गेला आणि उरलेला २०१७ मध्ये. लंडनच्या फुलर्सने २०१९ मध्ये बिअरचा व्यवसाय जपानच्या आसाहीला विकला, पण पब स्वतःकडे ठेवले. म्हणजे एकच नाव पबावर एका मालकाचं आणि पिंपावर दुसऱ्याचं. तेव्हा ब्रुअरीच्या नावापुढे ‘मालकी’ किंवा ‘अधिग्रहण’ हा शब्द टाकून शोध घ्या. पाच मिनिटं लागतात. अमेरिकी ब्रुअर्स असोसिएशनने २०१७ पासून उलट्या बाटलीचं स्वतंत्र ब्रुअरीचं चिन्ह दिलं आहे. स्वतः क्राफ्ट ब्रुअरी नसलेल्या मद्य कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांच्या आत असणं ही त्यामागची एक अट. मात्र ते लावणं ऐच्छिक आहे, त्यामुळे चिन्ह नाही म्हणून ब्रुअरी परतंत्र ठरत नाही.

पबाच्या बाबतीत ब्रिटनमध्ये ‘टाईड’ पब असतात. जागा कंपनीची, चालवणारा भाडेकरू, आणि बिअर त्या कंपनीकडूनच घ्यायची. ‘फ्री हाऊस’ अशी पाटी असेल तर असं बंधन नाही. इतर देशांत बंधन कागदावर दिसत नाही: मोठी कंपनी कूलर, टॅपचा खांब, ग्लास, छत्र्या फुकट देते आणि त्या बदल्यात टॅप राखून ठेवते. टॅपचा खांब, ग्लास, कोस्टर आणि छत्री यांवर एकाच गटाचे ब्रँड असतील तर बदलता टॅप एखादाच निघेल. साधे, बिनछापाचे ग्लास आणि खडूने लिहिलेली पाटी दिसली की मला बरं वाटतं, पण तेवढ्यावर विसंबू नका. तो देखावा साखळ्यांनीही उचलला आहे.

शिवाय स्वतंत्र म्हणजे आपोआप रंजक असं नाही. वीस टॅपपैकी चौदावर गढूळ आयपीए असेल तर निवड करणाऱ्याने फारसं डोकं चालवलेलं नाही. एक नीट बनवलेली लागर, एखादी गडद बिअर, एखादी आंबट आणि एक ३ ते ४ टक्क्यांची हलकी बिअर, एवढं सहा टॅपवरही बसतं. ३.५ टक्क्यांची चांगली माइल्ड किंवा बिटर (दोन्ही इंग्लिश बिअरचे प्रकार) ठेवणाऱ्या माणसाला बिअर कळते, असं माझं ठाम मत आहे. तिच्यातला दोष हॉप्सखाली किंवा अल्कोहोलखाली लपत नाही.

ब्रिटनमध्ये असाल तर १९७१ साली स्थापन झालेल्या कॅम्रा या ग्राहक संघटनेचे सभासद कास्क बिअरच्या अवस्थेला ० ते ५ गुण देतात. सजावटीला नाही, ग्लासमधल्या बिअरला.

तीन_संध्याकाळी

फार उपयोगी, आभार. एक शंका: बिअरला लोण्यासारखा वास आला तर दोष ब्रुअरीचा की पबाचा? आणि परत करताना काय म्हणावं?

तळघर_१२_अंश

दोन्ही शक्य आहेत. लोण्याचा वास डायअसेटिलचा. आंबवण पूर्ण होण्याआधीच बिअर थंड केली तर यीस्टला तो परत शोषून घ्यायला वेळ मिळत नाही, हा ब्रुअरीचा दोष. अस्वच्छ नळीत वाढलेले जिवाणूही तोच पदार्थ तयार करतात. फरक ओळखायला दुसऱ्या ब्रुअरीच्या बिअरचा घोटभर नमुना दुसऱ्या टॅपवरून मागा. तिच्यातही लोणी किंवा आंबटपणा आला तर संशय नळ्यांवर. एकाच बिअरमध्ये असेल तर पबाला दोष देण्याची घाई करू नका. काही पारंपरिक चेक लागर आणि इंग्लिश एलमध्ये (लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेल्या बिअरमध्ये) थोडं डायअसेटिल चालतंही.

ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे ऑक्सिजन लागून शिळी झालेली बिअर. व्हिनेगरचा तिखट आंबटपणा आंबट प्रकाराची नसलेल्या बिअरमध्ये आला तर पिंप फार दिवस उघडं राहिलं असावं किंवा नळ्या अस्वच्छ असाव्यात.

परत करताना ग्लासचा एक तृतीयांश भाग संपण्याआधी न्या आणि फक्त चव सांगा, दोषाचं कारण तुम्ही सांगू नका. ‘ही मला ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते आहे, तुम्ही चाखून पाहाल का?’ एवढं पुरे. तो स्वतः चाखतो की न चाखता ‘अशीच असते’ म्हणतो, यावर दुसरा ग्लास तिथे घ्यायचा की नाही ते ठरवा. नळ्या कधी धुतल्या हेही विचारता येतं. केगच्या नळ्या १४ दिवसांतून एकदा तरी, २ ते ३ टक्के अल्कली द्रावण किमान १५ मिनिटं फिरवून धुवायच्या असतात. नीट करणाऱ्याला वार आठवतो.

ओली_पाटी

संध्याकाळ कशी आखायची तेही सांगतो. एका रात्री तीन पब पुरे, आणि ते एकमेकांपासून चालत पंधरा मिनिटांत असावेत. बुधवार किंवा गुरुवार उत्तम: वीकेंडसाठी नवे केग लागायला सुरुवात झालेली असते आणि बारवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो. सोमवारी अनेकदा वीकेंडचं उरलेलं असतं. ‘हा केग कधी लावला?’ आणि ‘या आठवड्यात सगळ्यात लवकर काय संपलं?’ हे दोनच प्रश्न विचारा.

लहान मापं घ्या. क्रम लागर, गव्हाची बिअर, पेल एल, आयपीए, मग स्टाउट. आंबट बिअर आयपीएच्या आधी, कारण कडवटपणा जिभेवर बसला की तिच्यातले बारकावे कळत नाहीत. अल्कोहोलचा हिशेब असा: मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले ०.७८९, भागिले १००. २०० मिलिलिटरचे चार ग्लास, ६ टक्क्यांचे, म्हणजे जवळपास ३८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १० टक्क्यांच्या स्टाउटचे तेवढेच ग्लास घेतले तर ६३ ग्रॅम. दर ग्लासमागे तेवढंच पाणी, आधी पोटभर जेवण, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता ते निघतानाच पाहून ठेवा. गाडी चालवायची नाही.

टॅपवर मनासारखं नसेल तर फ्रिज बघा. हॉप्सची बिअर कॅनमध्ये घ्या, भरल्याची तारीख तीन महिन्यांच्या आतली हवी. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतली, उजेडात ठेवलेली बिअर टाळा. प्रकाशाने हॉप्समधले घटक तुटतात आणि उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच तो बराच अडवते, कॅन पूर्णच. लॅम्बिक (बेल्जियमची आंबट बिअर) आणि जड स्टाउट यांना मात्र जुनी तारीख चालते. तिथे तारखेपेक्षा बाटली थंड, अंधाऱ्या जागी होती का ते विचारा.