मदत हवी आहे: एकाच पाण्याचं नायट्रेट कधी १० कधी ४०, खरं कुठलं धरू?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, लोकमान्य नगर. १०० लिटरचा माशांचा टँक आहे, गप्पी आणि मॉली, पाणी नर्मदेचं पण नळ रोज येत नाही म्हणून मधेमधे बोअरचं भरावं लागतं. थेंबवालं लिक्विड किट आणलंय, त्यात अमोनिया नायट्राइट शून्य, पण नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठतं ते) सकाळी पिवळट म्हणजे १० आणि तेच बाटलीत भरून ठेवलेलं पाणी संध्याकाळी तपासलं तर चक्क लालसर, ४०! नळी धुतलेली, पाणी ५ मिलीच्या रेघेवर, थेंब मोजून. पट्टीवालं किट तिसरंच सांगतं. गप्पी शेपटी मिटून बसल्यात, खात नाहीत, जीव नुसता टांगणीला लागलाय. पाणी बदलते, पण बोअरमध्येच नायट्रेट असेल तर उलट वाढायचं, म्हणून आधी आकडा पक्का हवाय. कोणी सांगाल का?

प्रतिसाद:
ताई, आधी किटमधली नायट्रेटची दुसरी बाटली बघा. तिच्यात जस्ताची बारीक पूड असते, ती नायट्रेटचं नायट्राइट करते आणि रंग येतो तो त्यामुळे. पूड तळाशी बसली की थेंबात कमी उतरते, रीडिंग खाली येतं, म्हणून मला तुमचं ४० जास्त खरं वाटतंय. एपीआय कंपनीच्या किटमधल्या कागदावर ती बाटली ३० सेकंद जोरात हलवा, मग नळी पूर्ण १ मिनिट, मग ५ मिनिटं थांबा असं स्पष्ट आहे. मी तर बाटली आधी टेबलावर आपटून घेतो. थेंब टाकताना बाटली उलटी करून अगदी सरळ धरा, तिरकी धरली की लहानमोठे पडतात. आणि रंग खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, पिवळ्या बल्बखाली नको.

पट्टीच्या डबीवर नायट्रेट नायट्रोजन, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन, असं लिहिलंय का? असेल तर आकड्याला ४.४ ने गुणा.

किटची खात्री करायची तर पोटॅशियम नायट्रेट १.६३ ग्रॅम १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, ते नायट्रेटचं १००० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). त्यातलं १० मिली सिरिंजने घेऊन डिस्टिल्ड पाण्यानेच ५०० मिली करा, झालं २०. किटने तेवढं दाखवायला हवं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मात्र इतकं बारीक तोललं जात नाही.

धागाकर्ती:
थँक्यू दादा! सराफ्यात ओळखीचे सोनार आहेत, तोलून देतील. बोअरचं पण तपासू ना?

प्रतिसाद:
ते तर आजच. पिण्याच्या पाण्यालाच आपल्याकडे नायट्रेटची लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, बोअर त्याच्या आसपास निघालं तर नर्मदेचंच साठवा आणि टँकमध्ये घालण्याआधी क्लोरीन काढा.