दीड ग्रॅमचा दिवा: संशोधकांनी आता नवं शोधणं थांबवून किलोच्या कामाला लागावं का?

जुना_क्यूसी

विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, नातीला घेऊन पाषाण रोडवरच्या एका संस्थेत गेलो होतो. त्या दिवशी प्रयोगशाळा सगळ्यांना बघायला खुल्या असतात. एका टेबलावर पीएचडी करणारी मुलगी बटणाएवढ्या सेलवर लाल एलईडी पेटवून दाखवत होती. सोडियम-आयन सेल, म्हणजे लिथियमऐवजी सोडियमवर चालणारा, आणि त्यातला कार्बन उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यापासून केलेला. नात खूश, मीही खूश. निघताना सवयीनं विचारलं, "ही पावडर एका वेळी किती निघते?" ती म्हणाली, "दीड ग्रॅम, काका."

मी चिंचवडला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत २६ वर्षं क्वालिटीत काढली. त्या दीड ग्रॅमनं डोक्यात जो किडा सोडलाय तो इथे मांडतो.

माझं म्हणणं, स्वच्छ ऊर्जेसाठी नवनवी द्रव्यं शोधणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी आणि संस्थांनी पाच वर्षं नवं काही शोधू नये. जे सापडलंय ते किलोनं करून दाखवावं, आणि सोमवारची बॅच शुक्रवारच्या बॅचसारखी निघते का ते सांगावं. सोडियम मिठात आहे, लिथियम बाहेरून आणावं लागतं. सोडियमच्या सेलला दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची फॉइल चालते, महाग तांबं लागत नाही. हे त्या मुलीनं मला पाच मिनिटांत समजावलं. मग अडलंय कुठं? कारखानदाराला पेपर दाखवून भागत नाही, त्याला पोतं लागतं. देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. एवढ्याशा पैशात नवलाई आणि उपयोग दोन्ही परवडत नाहीत.

बोला.

सदाशिव_निवृत्त

हेतू चांगला, निदान चुकलेलं. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

१९८९ मध्ये रिचर्ड रॉबसन यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक रेणू जोडून आत भरपूर पोकळ्या असलेला स्फटिक तयार केला. तो धड टिकतही नव्हता. आपण तिथे असतात तर "किलोचं काय?" विचारून त्यांना घरी बसवलं असतंत. त्याच वाटेनं पुढे धातू-सेंद्रिय सांगाडे आले, वाळवंटातल्या हवेतून पाणी काढणारे, कार्बन डायऑक्साइड पकडणारे. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल रॉबसन, कितागावा आणि याघी यांना त्याचंच मिळालं. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकी द्रव्याचे सौर सेल घ्या. २००९ मध्ये त्यांची कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आज प्रयोगशाळेत २६ च्या वर आहे. पाच वर्षं थांबा म्हणणारा कुणी तेव्हा भेटला नाही हे बरं झालं.

विद्यापीठात 'पीठ' आहे म्हणून ती गिरणी होत नाही.

जुना_क्यूसी

सर, कोटी आवडली. पण ते २६ टक्के किती दिवस टिकतात? ओल आणि उष्णता हे पेरोव्स्काइटचे हाडवैरी, वर बहुतेकांत शिसं. आमच्या गच्चीवरच्या सिलिकॉन पॅनेलला २५ वर्षांची हमी आहे. पुण्याचे चार महिने पावसाळ्याचे, त्यात तुमचा सेल टिकवून दाखवा, मग टक्के मोजू.

आणि लिथियम बॅटरीचं बघा. ती घडवणारे व्हिटिंगहॅम एक्सॉन या तेलकंपनीत होते, योशिनो असाही कासेईत, आणि १९९१ मध्ये बाजारात आणली सोनीनं. सगळ्या कंपन्या.

सदाशिव_निवृत्त

लिथियम बॅटरीचं नोबेल तिघांना मिळालं, सोयीचे दोघे घेतलेत. तिसरे गुडइनफ, त्यांचा त्या बॅटरीतला कोबाल्ट ऑक्साइड १९८० मध्ये ऑक्सफर्डला झाला. ऑक्सफर्ड हे विद्यापीठ आहे, असं ऐकून आहे.

पुणे_३०

आधी बसमध्ये उभं राहायला जागा द्या, मग बॅटरी सोडियमची का गुळाची ते ठरवा.

आर्गॉनवाली

काका, मी ती मुलगी नव्हे, पण तिच्यासारखीच एक. वाचून राग आला, मग हसू आलं, मग हिशेब केला.

आमच्या ट्यूब फर्नेसमध्ये, म्हणजे नळीच्या भट्टीत, बोटभर लांबीची सिरॅमिकची होडी जाते. तिच्यात आठ-दहा ग्रॅम बगॅसची पूड मावते. १२०० अंशांपर्यंत मिनिटाला पाच अंश या वेगानं चढायला चार तास, वर दोन तास, मग रात्रभर गार होणं. तोवर आर्गॉन वायू चालूच, नाहीतर सगळा कार्बन जळून राख. दुसऱ्या दिवशी हातात दीड-दोन ग्रॅम. म्हणजे किलोला निदान पाचशे दिवस. मध्येच लाइट गेली तर ती बॅच गेली. माझी फेलोशिप ३७,००० आहे (२०२३ पासूनचा दर, त्याआधी ३१,००० होता), आणि ती दर महिन्याला वेळेवर येते असं समजणाऱ्यांनी समजावं. पाचशे दिवस भट्टी राखून मी काय लिहू? थीसिस तपासणारा पहिला प्रश्न विचारतो, "यात नवीन काय?"

पण तुमच्या बाजूचीही एक गोष्ट सांगते, आमच्यात कुणी उघड बोलत नाही म्हणून. बटण सेलचे आकडे फार गोड असतात. फॉइलवर चौरस सेंटिमीटरला एक-दोन मिलिग्रॅमचा थर द्यायचा, कारखान्यात याच्या पाच-सात पट लागतो. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्राव, हवं तेवढं ओतायचं. समोर सोडियम धातूची चकती ठेवायची, म्हणजे पहिल्याच चार्जिंगला कार्बनमध्ये जे सोडियम कायमचं अडकतं त्याची भरपाई ती चकती गुपचूप करत राहते. खऱ्या सेलमध्ये ही चकती नसते, सोडियम मोजून मापून असतं. मग ग्रॅमला ३०० मिलिअँपिअर-तास म्हणून मिरवलेला कार्बन तिथे तोंडावर पडतो.

म्हणून "नवं शोधू नका" हे मला मान्य नाही. पहिल्या चार्जिंगचा तोटा कमी करायला नवंच काहीतरी शोधावं लागेल. फक्त ते जाड थरावर, चकतीशिवाय शोधावं.

नीरा_काठ

मी साखर कारखान्यात बॉयलरला आहे. तुम्हा शहरातल्या लोकांचं एक कळत नाही. बगॅस म्हणजे फुकटचा कचरा हे कुणी सांगितलं? आमच्याकडे त्यावरच बॉयलर चालतो, वीज तयार होते, उरलेली ग्रिडला विकतो. हंगाम संपताना बगॅस राखून ठेवायची मारामारी असते. मिलमधून निघतो तेव्हा निम्मं पाणीच असतं त्यात, ते वाळवायचं बिल कोण भरणार?

आणि डिसेंबरचा बगॅस वेगळा, मार्चचा वेगळा. मशीननं तोडलेल्या उसाबरोबर माती येते ती निराळीच. आमच्या बॉयलरच्या नळ्यांना विचारा राख काय असते ते.

आर्गॉनवाली

राखेचं अगदी खरं. आम्ही ॲसिडनं धुतो. पोटॅशियम जातं, सिलिका पुरती जात नाही.

सदाशिव_निवृत्त

आणि पुण्यात काहीच बाहेर पडत नाही हेही खरं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद आणि केपीआयटी ही पुण्याची कंपनी यांची हायड्रोजन फ्युएल सेलवर चालणारी बस इथेच दाखवली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये केपीआयटीनं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं, त्यात आयसर पुणे ही विज्ञान संस्था भागीदार होती. एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारात २००७ पासून नवउद्योगांना जागा देणारं व्हेंचर सेंटर आहे.

माझा मूळ मुद्दा मात्र वेगळा आहे. पाषाणहून चाकणला जाते ती पावडर नसते, माणूस असतो. चाकणच्या कंपनीत उद्या सेल फुगला तर का फुगला हे सांगणारी मुलगी आज या दीड ग्रॅमवरच शिकते आहे. तिला भट्टीवरची ऑपरेटर केलीत तर किलो मिळेल, ती मिळणार नाही.

भोसरी_कोटिंग

मिस्टर आणि मी भोसरीत चिकट टेपचं युनिट चालवतो. आमच्याकडे कॉमा कोटर आहे, म्हणजे लगद्याचा सारखा थर चढवणारं यंत्र, मोठ्या बॅटरीवाल्यांकडे असतो त्याच जातीचा, फक्त म्हातारा. मध्यंतरी एका कॉलेजची मुलं आली होती, फॉइलवर त्यांचा काळा लगदा चढवून बघायचा म्हणून. मी विचारलं, आणलाय किती? छोटी बाटली काढली. अहो, आमचा ट्रे भरायलाच चार-पाच लिटर लागतं! चहा पाजून परत पाठवली, वाईट वाटलं.

त्यामुळे सदाशिव सर, मला तुमचं पटत नाही. ज्या मुलीनं चार लिटर लगदा कधी ढवळलाच नाही ती चाकणला जाऊन काय सांगणार? गुठळ्या होतात, कडा सुकताना तडकतात, दुपारच्या उन्हात पातळ होतो. हे बाटलीत कळत नाही. ऑपरेटर म्हणजे काही कमी शिकणं नव्हे. आमचा कोटरवाला दहावी नापास आहे, नुसत्या चकाकीवरून थर कमी-जास्त झालेला सांगतो.

शिवाय ते ॲसिडचं पाणी. ग्रॅमला सिंकमध्ये जातं, किलोला आमच्यासारख्यांच्या दारात नोटीस येते. स्वच्छ ऊर्जेचं सांडपाणी कुठे सोडायचं, हेही कुणीतरी पीएचडीत घ्या.

सदाशिव_निवृत्त

'ऑपरेटर' शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

जुना_क्यूसी

बऱ्याच जणांनी सोललं, आभार. "पाच वर्षं नवं नको" हे मी रागात लिहिलं. आर्गॉनवालीचा पाचशे दिवसांचा हिशेब वाचून ओशाळलो. तिच्या जागी माझी नात असती तर मीच तिला म्हटलं असतं, सोड ती भट्टी.

पण एक हट्ट सोडत नाही. यापुढे अशा कुठल्याही पेपरात एक ओळ सक्तीची करा: एका बॅचला किती निघालं, आणि लागोपाठच्या पाच बॅचमध्ये फरक किती. याला ना कोटी लागतात ना मोठी भट्टी. आमच्याकडे दोन रुपयांच्या बुशलासुद्धा हा कागद लागायचा. आणि पैसे देणाऱ्यांनी पुण्यात गोल फिरणाऱ्या नळीची एकच मोठी भट्टी घ्यावी, सगळ्या संस्थांना मिळून. दर विभागात नवा सूक्ष्मदर्शक कशाला?

सदाशिव_निवृत्त

एक ओळ मान्य. सामायिक भट्टीची चावी कोणत्या संस्थेकडे राहणार हे ठरेस्तोवर मात्र आपण दोघेही वैकुंठात असू.

आर्गॉनवाली

पाच बॅचची ओळ घालायला मी तयार आहे. छापायच्या आधी आकडा बघून रडू येईल ते सोडा.

भोसरीच्या ताई, नारळाच्या करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन करणाऱ्यांकडे मोठ्या भट्ट्या असतात. १२०० अंश त्यांना झेपत नाहीत, पण पहिली ५०० अंशांची भाजणी तिथे होऊ शकेल. भाजून आकसलेला माल आमच्या होडीत कितीतरी जास्त मावतो. सरांना विचारते. तुमचा ट्रे भरायला लागेल तेवढी पावडर, दोनेक किलो, नाही जमणार, पण पाव किलो झालं तर ट्रेला आडवी पट्टी लावून अर्धी रुंदी बंद करता येईल का?

भोसरी_कोटिंग

पाव किलोत अर्धी रुंदीसुद्धा नाही होणार, वीतभर होईल. चालेल. गुरुवारी ये, आमच्याकडे सुट्टी असते, लाइन मोकळी. कॉटनचे जुने कपडे घाल, तो काळा डाग जात नाही.

नीरा_काठ

बगॅस माझ्याकडून न्या दोन पोती. पण पोत्यावर तारीख लिहीन, ती पुसू नका.