जुन्या छोट्या लेथचा बॅकलॅश: नट बदलायचा की हात बसवायचा?

विश्रामबागकर (धागा सुरू करणारा)
सेकंडहँड छोटी लेथ घेतली की पहिला सल्ला हाच येतो, बॅकलॅश (हँडल उलटं फिरवल्यावर स्लाइड हलायच्या आधी रिकामा जाणारा खेळ) लई आहे, स्लाइड सरकवणारा स्क्रू-नट बदलून टाक. परवा ओळखीतल्या एका पोराला असंच सांगितलं गेलं आणि खर्च सांगितला मशीनच्या निम्म्या किमतीएवढा. पोरगं मशीन विकायला निघालं होतं, म्हणून लिहितोय. माझं मत असं की हाताने चालवायच्या लेथवर बॅकलॅश आधी शोधायचा, मग सवयीनं सांभाळायचा, नटाला हात अगदी शेवटी.

शोधायचा कसा, तर मॅग्नेटिक बेसवर डायल गेज (बारीक सरकणं काट्यानं दाखवणारं मापक) लावून क्रॉस स्लाइडला, म्हणजे टूल जॉबकडे आतबाहेर नेणाऱ्या स्लाइडला, टेकवा, हँडल आत फिरवत न्या, मग उलटं फिरवा आणि काटा हलेपर्यंत किती डिव्हिजन रिकामी जातात ते बघा. त्या पोराच्या मशीनचा स्क्रू १ मिमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात स्लाइड १ मिमी सरकते, डायलवर ५० डिव्हिजन, म्हणजे एक डिव्हिजन ०.०२ मिमी. रिकामी गेली १८, म्हणजे ०.३६. ऐकून कुणीपण घाबरेल. पण हँडल फिरू न देता स्लाइड हाताने पुढंमागं ढकलून बघितली तर हँडलमागची कॉलर ब्रॅकेटपासून आतबाहेर होताना डोळ्याला दिसत होती! हा नटाचा खेळ नव्हेच, एंड प्ले, म्हणजे अख्खा स्क्रूच आतबाहेर सरकतोय. पातळ शिम (पत्र्याची चकती) घातली, चेकनट बसवला, १८ चे ७ झाले. खर्च जवळजवळ शून्य.

उरलेल्या ७ साठी एकच नियम, माप नेहमी आत जातानाच घ्यायचं. जास्त आत गेलं तर तेवढंच मागं घेऊन भागत नाही, अख्खा एक फेरा मागं या आणि परत आत या. सरळ टर्निंगला जॉब टूलला बाहेरच ढकलत असतो, त्यामुळे नट एकाच बाजूला दाबून बसतो. गिब (स्लाइडच्या बाजूची कसायची पट्टी) मात्र नीट कसलेली हवी, ढिल्या गिबचं पाप लोक बॅकलॅशच्या माथी मारतात.

मिरजेचा टर्नर
दादा, एंड प्लेचं शंभर टक्के बरोबर, पण पुढचं पटलं नाही. सरळ टर्निंग म्हणजे लेथवरचं सगळ्यात सोपं काम. पार्टिंग, म्हणजे जॉब कापून वेगळा करायचं काम, करा की त्या मशीनवर. पार्टिंग टूल जॉबमध्ये रुतलं की जॉबच त्याला आत ओढतो, आणि जेवढा खेळ तेवढी स्लाइड एका झटक्यात आत जाते, तिथं तुमची सवय काय करणार? हात हँडलवर असतो पण ओढ नटाच्या रिकाम्या बाजूला असते. टूल तुटतं, नाहीतर जॉब चकमधून निघतो. पितळेचंही तेच, स्टीलसाठी घासलेलं वरून उतार असलेलं टूल पितळेला लावलं की धरलंच त्यानं. शिकाऊ पोराच्या हातात असं मशीन देणं मला तरी धोक्याचं वाटतं. नट बदला.

पेनवाला, सातारा
मी फाउंटन पेनं बनवतो, ॲक्रिलिक आणि एबोनाइटची, थोडं पितळ. दोघांनाही सांगतो, डीआरओ (स्लाइडला स्केल लावून जागा आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) बसवा आणि मोकळे व्हा. स्केल स्लाइडची खरी जागा दाखवतं, स्क्रूत किती खेळ आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, बोरिंग (आतून भोक मोठं) करताना दिशा उलटी झाली तरी आकडा तोच खरा.

मिरजेचा टर्नर
माप खरं दिसेल हो, पण टूल आत ओढलं जायचं थांबेल का? डीआरओ फक्त सांगणार की टूल किती आत गेलं, तेही टूल तुटल्यावर.

विश्रामबागकर
टर्नरदादा, पार्टिंगचा मुद्दा मान्य आहे पण उपाय फक्त नट नाही. त्या कामापुरती गिब जरा जड करा, कॅरेज (क्रॉस स्लाइड ज्यावर बसते तो लांबीत सरकणारा भाग) लॉक करा, टूल चकच्या जवळ ठेवा, आणि पितळेला वरचा उतार काढून सपाट टूल वापरा, मग ते धरत नाही. एवढं केल्यावर ०.१४ च्या खेळानं पोराच्या जिवाला धोका होतो हे मला मान्य नाही.

नवशिक्या, कुपवाड
ते पोरगं मीच. सीएनसीवर (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर) बॉल स्क्रू, म्हणजे नटात गोळ्या असलेला स्क्रू, असतो, बॅकलॅश नसल्यातच जमा म्हणतात, तोच टाकला तर?

जुना इन्स्ट्रक्टर
नको बाळा. बॉल स्क्रू इतका हलका फिरतो की कटिंगच्या जोरानं स्लाइड मागं सरकून हँडल आपोआप फिरू शकतं. सीएनसीला मोटर धरून ठेवते, तुझ्याकडे हात आहे. साधा स्क्रू घर्षणामुळे आहे तिथं थांबतो, तो गुणच आहे.

आणि तुम्हा दोघांकडून एक गोष्ट राहिली. बॅकलॅश एकाच जागी मोजू नका, स्लाइडच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीन जागी मोजा. स्क्रू मधल्या भागात झिजतो कारण काम तिथंच चालतं. मध्ये ७ आणि टोकाला ३ आले तर स्क्रूच गेलाय, मग चिरा पाडून कसायचा नट मध्यावर घट्ट केला की टोकाला जाम होणार. सगळीकडे सारखा आला तरच नटाला हात लावावा. माझं मत टर्नरकडे थोडं झुकतं, कारण आपल्या भागात हे महागाचं काम नाही. किर्लोस्करवाडी, किर्लोस्करांच्या कारखान्याचं गाव, १९१० पासून आपल्या सांगली जिल्ह्यात आहे, फाउंड्री आणि टर्निंगचं काम जाणणारी माणसं इथं घरोघरी तयार झाली, गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) तुकडा आणून एक नट करून घ्यायला अख्खा स्क्रू सेट कशाला विकत घ्यायचा? फक्त एक बघ, क्रॉस स्लाइडच्या स्क्रूला बहुतेक वेळा डावे आटे असतात, म्हणून तर हँडल उजवीकडे फिरवलं की टूल आत जातं. डाव्या आट्याचा तसला टॅप (आतून आटे पाडायचं हत्यार) दुकानात सहज मिळत नाही, नट मशीनवरच आतून आटे पाडून करावा लागतो.

विश्रामबागकर
सर, तीन जागचं माप उद्याच घेतो. सारखं आलं तरी मी त्याला आधी सहा महिने याच मशीनवर काम करू देईन, हात बसू दे.

मिरजेचा टर्नर
सहा महिने पार्टिंग न करता काढणार का तो? माप सारखं आलं तर स्क्रू घेऊन ये रे माझ्याकडे, जुना नटही आण. जागा असली तर नवीन नट थोडा लांब करू, जास्त आट्यांवर जोर वाटला जातो, झीज कमी. गनमेटल तेवढं तू आण.