मदत हवी आहे: टिश्यू कल्चरची (लॅबमध्ये बंद कपात वाढवलेली) झाडं माशांच्या टँकमध्ये लावण्याआधी नक्की काय करायचं?

नमस्कार मंडळी,

दोन कप डायनिंग टेबलावर न उघडता ठेवलेत आणि तीन दिवस मी त्यांच्याभोवती घुटमळतेय. एकात मॉन्टे कार्लो (तळाशी हिरवळीसारखं पसरणारं बारीक पानांचं झाड), दुसऱ्यात क्रिप्टोकोरिन वेंडटी (लांबट पानांचं, म्हणजे क्रिप्ट). उघडायचा धीर होत नाही, कारण मे महिन्यात आणलेले दोन्ही कप दहा दिवसांत मातीत गेले.

टँक दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे काठोकाठ भरला तर ५६ लिटर. मुलुंडला पाचव्या मजल्यावर, हॉलमध्ये, थेट ऊन नाही. जानेवारीपासून चालू आहे. खाली अ‍ॅक्वासॉइल (पाण्यातल्या झाडांसाठीची दाणेदार माती), आत सहा गप्पी आणि दहा-बारा चेरी श्रिंप (छोट्या लाल कोळंब्या). झाडांसाठी वेगळा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत नाही, लाइट सहा तास. पाणी पालिकेचं. आदल्या रात्री बादलीत भरून ठेवते आणि अँटिक्लोरिन घालते. टीडीएस मीटर ८० च्या आसपास दाखवतो. पाण्याचं तापमान सध्या २८-२९, मेमध्ये ३१ वर गेलं होतं.

मागच्या वेळी काय केलं ते लाज न बाळगता सांगते. तेव्हा मॉन्टे कार्लो आणि क्युबा (त्याहून बारीक पानांचं, तसंच पसरणारं झाड) होतं. एका व्हिडिओत बघून आधी पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात दहा मिनिटं बुडवलं. मग कपात मुळांभोवती असते ती जेली विरघळावी म्हणून कोमट पाणी ओतलं. ती काही विरघळली नाही. नळाखाली धरलं तर निम्मी रोपं सिंकच्या जाळीतून खाली. वैतागून उरलेला गठ्ठा तसाच, गादीसारखा, सॉइलवर दाबून बसवला. चौथ्या दिवशी त्यावर पांढरा बुळबुळीत थर, पाणी तांदळाच्या धुवणासारखं, आणि पानं बोट लावलं की निघून येत होती. "साडेपाचशेची कोथिंबीर," एवढंच आमचे हे म्हणाले. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "पाणी बदला." आठवड्यात तीनदा बदललं होतं.

तर प्रश्न असे: जेली पूर्ण काढायची कशी? औषधात बुडवणं गरजेचं आहे का? आणि कपातून थेट पाण्यात लावू की आधी बाहेर डब्यात सवय लावू? पावसाळ्याची दमट हवा आहे, तिचा फायदा होईल असं वाटतंय.

प्रतिसाद १
ताई, ती जेली म्हणजे अगार, आपल्या किराणा दुकानातला चायना ग्रास. चायना ग्रासचं पुडिंग केलं असेल तर आठवा, उकळी आल्याशिवाय तो विरघळत नाही. साधारण ८५ अंश लागतात. पाणी गरम करत विरघळायची वाट बघाल तर रोपं शिजतील, जेली आहे तशीच राहील. ती हातानेच काढायची.

त्या जेलीत साखर असते. बंद कपात रोपाला स्वतःचं अन्न फारसं करता येत नाही, म्हणून लॅबमध्ये साखर आणि क्षार घालून देतात. कप निर्जंतुक असतो तोवर ठीक. टँकमध्ये गेली की त्या साखरेवर जिवाणू तुटून पडतात. तुमचं धुवण झालेलं पाणी आणि पांढरा थर दोन्ही तिचेच असणार.

मी असं करतो: पसरट भांड्यात साधं पाणी घेऊन गठ्ठा दहा मिनिटं ठेवतो. मग बोटांनी मोठे तुकडे सोडवतो. नंतर चहाच्या गाळणीत घेऊन नळाची बारीक धार. गाळणी विसरू नका, सिंकचा प्रश्न तिथेच मिटतो. मुळांत अडकलेली जेली पारदर्शक असल्यामुळे ओल्यात दिसत नाही. काळ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात रोप धरा, चिकट काचेसारखी चमकते. मऊ टूथब्रशने काढा. दोन कपांना माझा पाऊण तास जातो.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. परमँगनेट मात्र अजिबात नको. बाजारातल्या कुंडीतल्या रोपांवर गोगलगायींची अंडी, शेवाळ येतं, त्यांच्यासाठी तो उपद्व्याप. कपात यातलं काहीच नसतं, त्यासाठीच तर जास्त पैसे मोजतो आपण. शिवाय कपातली पानं शंभर टक्के दमटपणात वाढलेली, वरचं मेणचट आवरण नावालाच. त्यांना ते औषध झेपत नाही.

क्युबा गेलं त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. सीओटू नाही आणि पाणी ३१, तिथे ते धुवूनही टिकलं नसतं. पाणी तापलं की त्यात वायू कमी विरघळतो. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात म्हणतात, पण मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंद, त्यामुळे माझ्याकडे जेमतेम एक उतरतो.

मॉन्टे कार्लोचे नखाएवढे झुबके करा आणि चिमट्याने दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर खोल खोचा, फक्त शेंडे वर दिसू देत. नाहीतर गप्पी रात्रीत सगळं वर तरंगवतील. क्रिप्टची पानं वितळणारच, म्हणजे मऊ पडून गळणारच. मूळ आणि गाभा घट्ट असेल तर उपटू नका.

प्रतिसाद ३
डब्यात सवय लावण्याबद्दल माझं मत वेगळं. कपातून हवेत आणि हवेतून पाण्यात, दोनदा पानं बदलायला लावता. एकदाच पाण्यात टाका. चालू टँकमध्ये मासे आहेत म्हणजे ड्राय स्टार्ट (पाणी न भरता ओल्या सॉइलवर रोपं वाढवणं) तसाही बाद. मात्र दोन आठवडे दर तीन दिवसांनी २५-३० टक्के पाणी बदला आणि गळलेली पानं काढत राहा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं आटोपल्यावर बसले. गाळणी, काळी ताटली, जुना ब्रश. धुतल्यावर मॉन्टे कार्लो अगदी मोड आलेल्या हळिवासारखं दिसत होतं. मुळांतून निघालेली जेली वाटीभर जमली, मागच्या वेळी ही सगळी टँकमध्ये होती!

तिसऱ्या प्रतिसादाचं ऐकलं, पण पूर्ण नाही. मूठभर मॉन्टे कार्लो बिर्याणीच्या पारदर्शक डब्यात ओल्या सॉइलवर लावलंय, झाकणाला चार भोकं पाडून. बाकी सगळं पाण्यात.

धागाकर्ती, १४ दिवसांनी
पाणी एकदाही गढूळ झालं नाही. क्रिप्टच्या नऊ रोपांपैकी सातांची जुनी पानं गेली, त्यातल्या पाचांच्या मधोमध नवीन टोक आलंय, तपकिरी-हिरवं, तांदळाच्या दाण्याएवढं. टँकमधलं मॉन्टे कार्लो आडवं धावायला लागलंय, उजव्या कोपऱ्यात नाही, तिथे फिल्टरची धार पडते. डब्यातलं जास्त हिरवंगार आहे, पण एका कडेला बुरशी आली. चिमट्याने उचलून बघितलं तर खाली वाटाण्याएवढी जेली राहिलेली.

आता शेवटचं विचारते: ज्या दोन क्रिप्टना अजून काहीच फुटलं नाही, पण मुळं पांढरी आहेत, त्यांना किती दिवस देऊ?

प्रतिसाद २
महिनाभर हात लावू नका. माझं एक पाचव्या आठवड्यात उगवलं होतं.