विचार-वर्तन उपचारांनी मंत्रचळ खरोखर कमी होतो का?

प्रश्न (गावभाग, सांगली):
माझा धाकटा भाऊ कुपवाडला कामावर निघताना गॅसचे बटण पाच-पाच वेळा दाबून पाहतो, तरीही विश्रामबागपर्यंत जाऊन अनेकदा घरी परततो. डॉक्टरांनी मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे, निदान करून गोळ्यांबरोबर सीबीटी, म्हणजे विचार-वर्तन उपचार, सुचवली आहे. नुसत्या बोलण्याने हे थांबेल, यावर वडिलांचा विश्वास नाही. आपला अनुभव काय?

उत्तर (मिरज):
हे नुसते बोलणे नव्हे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यासाठी विचार तपासण्याची पद्धत विकसित केली. मंत्रचळात मात्र वर्तनाचा भाग अधिक मोलाचा ठरतो. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दाखवलेल्या वाटेने, भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि तपासण्याची कृती करायची नाही. घालमेल वाढते, पण बटण न तपासताही ती ओसरते, हे रुग्ण स्वतः अनुभवतो. या पद्धतीमागचा पुरावा भक्कम आहे, मात्र सर्वांनाच सारखा गुण येत नाही. समुपदेशकाने याचे प्रशिक्षण घेतले आहे का, हे आधी अवश्य विचारा.

उत्तर (सातारा):
मी स्वतः १६ सत्रे केली. पहिले तीन आठवडे त्रास उलट वाढला होता. "कडी लावली ना गं?" असे मी रात्री आईला विचारत असे, तिने उत्तर देणे थांबवले, तेच आम्हा दोघांना सर्वांत जड गेले. आपल्या वडिलांनाही एका सत्राला जरूर न्या.

उत्तर (इस्लामपूर):
गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. तातडीने बोलायचे असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.