नववी-दहावीच्या लेकरांना कामगार खात्यातली नोकरी कशी समजवावी?

धारूरचा मास्तर:
आमच्याकडं करिअर मार्गदर्शन म्हणजे पोलीस भरती, आर्मी, नर्सिंग आणि ‘एमपीएससी करा’. संपलं. दिवाळी झाली की कितीतरी लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, राहिलेली आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम), मुकादम (टोळी जमवणारा मधला माणूस), खाडा (कामावर न गेलेला दिवस), टनाचा दर हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. पण मजुरी नि कामाचे तास तपासायला सरकारचा माणूस असतो, आणि तो माणूस आपणही होऊ शकतो, हे कुणाच्या गावीच नाही. परवा वर्गात कामगार ऑफिसाचं नाव काढलं तर एक पोरगी म्हणाली, “सर, बांधकामवाल्यांना भांडी मिळतात ते ना?”

तर या खात्यात जागा कोणत्या असतात, आणि सांगावं कसं? एखाद्या साहेबाला बोलावून भाषण ठेवावं म्हणतोय.

निवृत्त कामगार अधिकारी, संभाजीनगर:
मास्तर, भाषण तेवढं ठेवू नका. आमच्या खात्यातला माणूस उभा राहिला की कलम, पोटकलम, परंतुक सुरू होतं. लेकरांचं सोडा, हेडमास्तर जांभया देतात.

त्यापेक्षा फळ्यावर एक पगारपत्रक काढा, नावं बनावट घाला. मूळ वेतन 12,000. पीएफची कपात 1,440, म्हणजे बरोबर 12 टक्के. पण यूएएन नंबरचा, म्हणजे कामगाराच्या पीएफच्या कायम नंबरचा, रकाना कोरा. अख्ख्या महिन्यात साप्ताहिक सुट्टी एकही नाही. ओव्हरटाइम 20 तास, तोही साध्या दरानं, जो कायद्यानं दुप्पट पाहिजे. आणि सहीच्या जागी आठ जणांचे आठ अंगठे, सगळे एकाच बोटाचे. आता वर्गाला विचारा, पाणी कुठं मुरतंय? अंगठ्याची गोष्ट मागच्या बाकावरचं पोरगंच आधी पकडणार, लिहून ठेवा. निरीक्षकाचं निम्मं काम हेच. उरलेलं निम्मं म्हणजे मालक चहा मागवत असताना मागच्या दारानं कोण बाहेर पडतंय त्यावर नजर ठेवणं.

जागांचं थोडक्यात: सहायक कामगार आयुक्त, सरकारी कामगार अधिकारी, दुकाने निरीक्षक (2017 च्या कायद्यापासून ‘सुविधाकार’). यंत्राला जाळी आहे का, भट्टीजवळचा माणूस सुरक्षित आहे का, हे बघणारं खातं वेगळं, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. तिथल्या अधिकाऱ्याला इंजिनिअरिंगची पदवी लागते. जालन्याच्या सळयांच्या कारखान्यात भट्टी ओतताना बघून ज्याचे डोळे चमकतात, त्या पोराला ही वाट दाखवा.

अजून एक, हे तुमच्या शाळेशीच निगडित आहे. बालकामगारांसाठी धाड पडते तेव्हा पोरगं छातीठोक सांगतं, ‘मी अठराचा.’ मालक मान डोलावतो. घरच्या धंद्यातली शाळेनंतरची मदत वगैरे थोडं सोडलं तर 14 च्या आतल्याला कामाला ठेवताच येत नाही, आणि 14 ते 18 च्या पोराला धोक्याच्या कामावर नाही. म्हणजे सगळा खेळ वयाचा. मग पुरावा शोधत आम्ही येतो ते तुमच्याच जनरल रजिस्टरापाशी, जिथं प्रत्येक लेकराची जन्मतारीख असते. ते रजिस्टर लेकरांसमोर उघडून दाखवा, ज्याचं त्याला आपलं नाव शोधू द्या.

लातूरची लेक:
मी पीएफ ऑफिसात आहे. आमची अंमलबजावणी अधिकाऱ्याची परीक्षा यूपीएससी घेते, कुठल्याही शाखेची पदवी चालते. बी.ए. झालेल्या पोरींना हे कुणी सांगतच नाही, ‘बी.ए. करून काय होतंय’ एवढंच ऐकवतात. (गावात मी अजूनही ‘बँकेतली’च आहे. समजावणं सोडून दिलं.)

सर, पोरींना एक प्रश्न विचारा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल मात्र नवऱ्याच्या हातात. मग आईची मजुरी कोणत्या वहीत लिहिलीय?

नांदेडचा अभ्यासिकावाला:
सगळं खरं, पण जाहिरात कधी निघेल ते देवाला ठाऊक, आणि जागा मोजक्याच. पोरांना एकाच खात्याच्या नादी लावू नका. कामगार कायद्याची पदविका किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं तर कंपनीची वाटही राहते, मोठ्या कारखान्याला कामगार कल्याण अधिकारी नेमावाच लागतो.

धारूरचा मास्तर:
पगारपत्रकाचं पटलं, या शनिवारीच घेतो. पण साहेब, पोरं पहिलं हेच विचारणार: ऊसतोडीला तुमचा निरीक्षक येतो का?

निवृत्त कामगार अधिकारी, संभाजीनगर:
फार कमी. तसंच सांगा, गुळमुळीत उत्तर देऊ नका. फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसात, हजेरीपट नसतो. टोळी आज या शिवारात, उद्या त्या. कारखाना म्हणतो आमचा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो मी तर नुसता मधला माणूस. गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, पण ते सामाजिक न्याय विभागाकडं, कामगार खात्याकडं नाही.

उलट त्यांनाच विचारा, तुम्ही निरीक्षक होऊन फडावर गेलात तर पहिला कागद कोणता मागाल? मी असतो तर उचलीची वही मागितली असती, आणि आधी बघितलं असतं की लातूरच्या ताईंनी विचारलेलं नाव तिच्यात आहे का. लेकरं याहून चांगलं उत्तर देतील. दिलं तर इथं टाका.