नाशिक : विसराळू आजोबा पंचवटीतून बेपत्ता, आवाहन कसं पसरवावं?

प्रश्न (गोदाकाठ): शेजारचे आजोबा, वय ७४, सकाळपासून घरी नाहीत. २४ तास थांबावं लागतं का? पोस्टरवर काय लिहायचं?

सिडकोकर: अजिबात थांबू नका. पोलीस ठाण्यात मिसिंगची (हरवल्याची) नोंद लगेच होते. नोंद क्रमांक मागून घ्या. रस्त्यातल्या दुकानांचं सीसीटीव्ही आजच बघायला सांगा, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर अपहरणाचाच गुन्हा नोंदवतात, शिवाय मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

पंचवटीकर: फोटो अलीकडचा, चष्मा रोज लावत असतील तर चष्म्यासकट. उंची, अंगावरचे कपडे, बोलीभाषा, शेवटचं ठिकाण आणि वेळ. तारीख फोटोवरच छापा. नाहीतर माणूस सापडल्यावरही मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. अंगावरची एखादी खूण मुद्दाम छापायची टाळा. पैसे मागणारे खोटे फोन येतात, तेव्हा तीच खूण विचारायची. संपर्काला पोलीस ठाण्याचा नंबर पुढे ठेवा.

गोदाकाठ: पोस्टर कुठे लावू?

सिडकोकर: रामकुंड, निमाणी आणि सीबीएस ही बसस्थानकं, नाशिकरोड स्टेशन. रेल्वेसाठी हेल्पलाइन १३९. सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात स्वतः जाऊन विचारा, तिथे अनोळखी म्हणून नोंद झालेली असू शकते. आणि दादा, जुनं घर किंवा जुनी नोकरी जिथे होती तिकडे आधी माणूस पाठवा. विसर पडलेली माणसं बऱ्याचदा तिकडेच निघतात.